शेड मागच्या बाजूला

गेल्या महिन्यात एका रात्री साडेबारापर्यंत मी कंट्रोलर हातात घेऊन ‘द्ध’ बनवत बसलो होतो. टाइप करत नव्हतो, बनवत होतो. गोल, चौकोन, त्रिकोण एकमेकांवर रचून. ‘फोर्झा होरायझन 5’ या गेममध्ये गाडीवर लिहायला इंग्रजी अक्षरं तयार मिळतात, मराठी मिळत नाहीत. मला एका व्हॅनवर ‘सिद्धनाथ प्रसन्न’ लिहायचं होतं. ‘सि’ जमला, ‘ना’ जमला, ‘द्ध’वर अडलो.

विट्यात माझं रेडियमचं दुकान आहे. रेडियम म्हणजे काय ते आपल्याकडं सांगावं लागत नाही. गाडीवर चिकटवायचं जे जे काही कापून मिळतं ते सगळं रेडियम. मुलांची नावं, देवाचं नाव, बुलेटच्या टाकीवरचे पट्टे, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरची वाघाची डरकाळी. दिवसभर तेच करतो आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा गाड्याच रंगवतो, फक्त पडद्यावरच्या. बायको विचारते की दिवसभराचं काम रात्री कशाला? तिला मी सांगतो की दिवसा गिऱ्हाइकाच्या मनासारखं करतो, रात्री माझ्या मनासारखं.

याची सुरुवात 2005 सालची. दहावीत होतो. बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन आम्ही ‘नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड’ खेळायचो. त्यातली निळ्या-चंदेरी रंगाची बीएमडब्ल्यू एम 3 जीटीआर ज्यानं पाहिली तो ती विसरलेला नाही. त्याच कॅफेत आधीच्या वर्षीचा ‘अंडरग्राउंड 2’ पण होता. बाकीची पोरं शर्यत लावायची, मी गॅरेजमध्येच बसायचो. ज्वाळा, वाघनखांचे ओरखडे, आदिवासी नक्षीसारखे पट्टे असले तयार विनाइल, म्हणजे गाडीवर चिकटवायची चित्रं, निवडायचे, रंग बदलायचा, गाडी गोल फिरवून बघायची. माझे पंधरा रुपये त्यातच संपायचे. एकच वाटायचं, हा पट्टा दारापाशी संपला असता तर बरं झालं असतं. पण पट्टा हलवायची सोय नव्हती. जसा दिलाय तसा लावा.

फोर्झामध्ये ती सोय आहे, आणि नुसती सोय नाही, सगळं आपणच करायचं. गाडीचे भाग पाडलेले असतात: डावी बाजू, उजवी बाजू, वरचा भाग, पुढचा, मागचा. प्रत्येक भागावर एकेक आकार ठेवायचा, तो लांबवायचा, तिरका करायचा, फिरवायचा, पुसट करायचा. ठेवलेला प्रत्येक आकार म्हणजे एक लेअर. असे शेकडो लेअर चढवत चित्र उभं करायचं. पेन नाही, ब्रश नाही. चंद्रकोर हवी असेल तर एक गोल ठेवा आणि त्यावर गाडीच्याच रंगाचा दुसरा गोल थोडा सरकवून ठेवा. खालच्या गोलाचा जो भाग उघडा राहतो ती कोर. जगातली पोरं याच पद्धतीनं माणसांचे चेहरे काढतात, डोळ्यातल्या चमकेसकट. जपानी ॲनिमेतल्या मुली अख्ख्या दारावर उतरवतात. जपानमध्ये खऱ्या गाड्या असल्या चित्रांनी मढवायचा मोठा नाद आहे, त्याला ‘इताशा’ म्हणतात. तोच नाद गेममध्ये आलाय. एखादं असं चित्र उघडून बघितलं तर वाटतं की हा माणूस महिनाभर झोपला नसेल.

चित्र नुसतं बनवून भागत नाही, ते पत्र्यावर बसवावं लागतं. बाजूचं डिझाइन गाडीवर समोरून प्रोजेक्टर मारल्यासारखं पडतं. पत्रा सपाट आहे तिथं जसंच्या तसं. चाकावरची फुगीर कमान आली, बंपरचा कोपरा वळला की तेच चित्र ताणलं जातं. सरळ रेघ वाकते, गोलाचा अंडाकार होतो. दुकानात बुलेटच्या टाकीवर पट्टा बसवताना हाच त्रास असतो. तिथं साबणाचं पाणी मारतो, हीट गननं विनाइल मऊ करतो, रबरी पट्टीनं मधून कडेला दाबत नेतो आणि ते वळणावर बसतं. गेममध्ये हीट गन नाही. त्यामुळं ताण किती पडणार ते आधीच ओळखून चित्र तेवढं दाबून काढावं लागतं. वळणावर गोल दिसायला हवा असेल तर मुळात तो चपटा काढायचा. पहिल्या दहा-पंधरा गाड्या माझ्या यातच गेल्या. आता पत्रा बघितला की हाताला कळतं.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती सांगतोच. खूप डिझाइनं अशी असतात की चित्र चांगलं, गाडी चांगली, पण दोघांची ओळखच नाही. तेच चित्र उचलून दुसऱ्या कुठल्याही गाडीवर टाकलं तरी काही फरक पडणार नाही. ऑइल कंपन्यांचे, टायर कंपन्यांचे पन्नास लोगो शिंपडले म्हणजे रेसिंग कार झाली असं समजणारेही आहेत. खरी रेसिंगची गाडी बघा. पोर्शेनं 1971 साली ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत 917/20 नावाची गाडी उतरवली होती. वारा कापता यावा म्हणून अंग रुंद करून घेतलेलं, त्यामुळं गाडी गुबगुबीत दिसायला लागली. मग त्यांनी तिला सरळ गुलाबी रंग दिला, अंगावर तुटक रेघा मारल्या आणि खाटकाच्या दुकानात डुकराच्या चित्रावर असतात तशी मांसाच्या तुकड्यांची नावं जर्मनमध्ये लिहिली. पुढं नाक, मागं मांडी, बाजूला खांदा. लोक तिला ‘पिंक पिग’च म्हणायला लागले. शर्यत तिला पूर्ण करता आली नाही, पण ती अजून पोस्टरवर आहे. कारण तो रंग त्याच गाडीचा आहे. दुसऱ्या सडपातळ गाडीवर त्या रेघा मारल्या तर काही अर्थ उरत नाही. ज्या अंगाला जे शोभतं ते त्या अंगावर.

मी ती गेममध्ये स्वतः करून बघितली आहे, एका वेगळ्या, रुंद पोर्शेवर. तुटक रेघा सगळ्यात अवघड. प्रत्येक तुकडा वेगळा लेअर, आणि वळणावर प्रत्येक तुकडा थोडा थोडा फिरवायचा. मधलं अंतर एका ठिकाणी जरी कमी-जास्त झालं तरी डोळा तिथंच जाऊन थांबतो.

मावसभावाकडं पुण्याला प्लेस्टेशन आहे, त्यावर ‘ग्रान तुरिस्मो 7’. हा गेम 2022 च्या मार्चमध्ये आला. त्यात पद्धत वेगळी. आपण कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र एसव्हीजी, म्हणजे रेघांच्या रूपात साठवलेली फाइल, करून चढवता येतं. मला वाटलं, आता काय, कोरलड्रॉ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर तर आपलं रोजचं. दुकानातल्या वाघाची फाइल उचलली, एसव्हीजी केली, चढवायला गेलो तर घेईना. फाइल 15 केबीपेक्षा मोठी चालत नाही. माझा वाघ 90 केबीचा होता. मग बसलो नोड कमी करत. वक्र रेघेवर जे छोटे ठिपके असतात ते नोड. दोन नोडनी जे वळण होतं तिथं माझ्या फाइलमध्ये वीस होते, कारण ती फाइल कुठून तरी फोटोवरून ट्रेस केलेली. मिशी, कान, पट्टे असं करत करत अडीच तासांत वाघ 14 केबीवर आणला.

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तीच हलकी केलेली फाइल प्लॉटरला, म्हणजे ब्लेडनं रेडियम कापणाऱ्या मशीनला, दिली. नेहमी मिशीजवळ ब्लेड अडखळायची, विनाइल फाटायचं, पोरगं टोचणीनं कचरा काढताना वैतागायचं. त्या दिवशी प्लॉटर एका दमात फिरला. नोड जास्त असले की ब्लेड प्रत्येक ठिपक्याला थबकते हे मला माहीत होतं, पण दहा वर्षं मी ते चालवून घेत होतो. आता माझ्या सगळ्या जुन्या फाइली मी एकेक करून साफ करतोय.

आता व्हॅनकडं येतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ट्रकवर अक्षरं लिहायचे. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात त्यांचा हात ओळखला जायचा. खारीच्या केसांचा ब्रश, ऑइल पेंटचे छोटे डबे, हात टेकायला एक काठी आणि खडू लावलेली सुतळी. सुतळी दोन टोकांना ताणून मधून टण्णकन सोडली की पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटायची. त्या रेघेला शिरोरेघ लटकवायची. बाकी सगळं डोळ्यांच्या मापानं. लहानपणी शाळा सुटली की मी गॅरेजवर जाऊन बसायचो आणि ‘स’चं पोट कसं फुगत जातं ते बघायचो. नंतर फ्लेक्स आलं, रेडियम आलं, ड्रायव्हर लोकांना दोन तासांत काम हवं झालं. आप्पांनी 2011 मध्ये ब्रश ठेवला. त्याच्या पुढच्याच वर्षी मी प्लॉटर घेतला. पैसे त्यांनीच दिले.

त्यांनी लिहिलेली एकही गाडी आता आमच्या माहितीत रस्त्यावर नाही. ट्रक भंगारात जातात, पुन्हा रंगतात. राहिलाय एक फोटो, रोल कॅमेऱ्यावरचा. एका द्राक्षवाल्याची मॅटाडोर, पुण्याच्या बजाज टेम्पोची, आणि तिच्या कडेला लाल अक्षरात ‘सिद्धनाथ प्रसन्न’. आमच्याकडं खरसुंडीच्या सिद्धनाथाचं नाव गाडीवर असतंच. फोटो पुसट झालाय, डाव्या कडेला ओल येऊन डाग पडलाय. मला ती गाडी पुन्हा चालताना बघायची होती.

गेममध्ये मॅटाडोर नाही. 1963 ची फोक्सवॅगन टाइप 2 आहे, ती गोल तोंडाची व्हॅन. तिची बाजू सपाट आहे, ट्रकच्या फळीची आठवण होते. तिला मॅटाडोरचा मळकट पांढरा दिला आणि अक्षरांना बसलो.

‘स’ असा बनला. उभा दंड म्हणजे एक चौकोन, ताणलेला. डावीकडचं वळण म्हणजे लाल गोल, त्यावर थोडा लहान पांढरा गोल, आणि मग उरलेल्या कड्याचा डावा अर्धा भाग झाकायला पांढरा चौकोन. खाली तिरकी शेपटी, ती चौकोनाची, टोकाला निमुळती करायला दोन्ही कडांना पांढरे त्रिकोण. मधला आडवा जोड. आप्पांच्या ‘स’मध्ये हा जोड कधी सरळ नसायचा, दंडाकडं जाताना किंचित वर चढायचा. फोटो मोबाइलवर मोठा करून मी तो चढ बघत होतो आणि कंट्रोलरनं एकेक अंश फिरवत होतो. तीन अंशांवर बसला. तेव्हा पहिल्यांदा तो ‘स’ कुणाचा आहे ते कळायला लागलं.

‘द्ध’ला चार रात्री लागल्या. वर ‘द’चं पोट, त्याच्या पोटात ‘ध’ची गाठ, आणि गाठ इतकी बारीक की पांढरा गोल जरा मोठा झाला की लाल रेघ तुटायची. शिवाय एका अक्षरावर ठेवलेला पांढरा आकार शेजारच्या अक्षराला खायचा. मग क्रम लावला. आधी उजवीकडचं अक्षर पुरं करायचं, मग डावीकडचं, म्हणजे झाकणारे तुकडे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. ‘सिद्धनाथ प्रसन्न’ हे दोन शब्द 214 लेअरचे झाले. मग शेड. ट्रकवर अक्षराला शेड नसेल तर ते अक्षर उघडं वाटतं. अख्ख्या शब्दाची नक्कल केली, काळी केली, लाल शब्दाच्या मागं ठेवून उजवीकडं आणि थोडी खाली सरकवली. काळ्या नकलेतले झाकणारे तुकडे पुन्हा पांढरे करायला विसरलो होतो, पहिल्यांदा नुसते काळे ठोकळे दिसले. दुरुस्त केलं. डावी बाजू झाली.

उजव्या बाजूसाठी तेच डिझाइन नेलं आणि उलटवलं, तर अक्षरं आरशातल्यासारखी. हे अपेक्षितच होतं. मागच्या काचेला आतून लावायचं रेडियम आम्ही मुद्दाम असंच उलटं कापतो, म्हणजे बाहेरून सुलटं वाचता येतं. इथं मात्र सुलटंच हवं होतं. म्हणून उलटवलेलं काढलं आणि डावीकडचा शब्द जसाच्या तसा, शेडसकट, उजवीकडं ठेवला. थ नेमका दाराच्या फटीवर येत होता, तो चार बोटं मागं घेतला. झालं म्हणून झोपलो.

सकाळी आप्पांना दाखवलं. त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, आता चांगलं दिसतं. टीव्हीला जोडून व्हॅन गोल फिरवली. गेममधला मेक्सिकोचा रस्ता, मागं निवडुंग, ऊन, आणि त्यात सिद्धनाथ प्रसन्न. डावी बाजू बघितली, काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली. उजवी बाजू आली तसं म्हणाले, “थांबीव. ही गाडी उलटी चाललीय.”

मला कळेना. मी म्हटलं, “आप्पा, पुढंच चाललीय की.”

“गाडी पुढं चाललीय, अक्षर मागं चाललंय. शेड बघ.”

मग त्यांनी समजावलं. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहून बघितलं तर गाडीचं तोंड आपल्या डाव्या हाताला असतं, म्हणून शेड उजवीकडं, शेपटाकडं. उजव्या बाजूला उभं राहिलं की तोंड आपल्या उजव्या हाताला येतं. तिथं शेड डावीकडं मारायची. दोन्ही बाजूंना अक्षर सुलटंच, पण शेड नेहमी मागच्या बाजूला. म्हणजे गाडी उभी असली तरी अक्षर पुढं निघाल्यासारखं वाटतं. शेड पुढच्या बाजूला पडली की अक्षर ब्रेक मारल्यासारखं दिसतं.

मी त्यांच्याजवळ बसून शेकडो ट्रक बघितलेत. हे मला कधी दिसलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला, हातच तसा चालायचा. फोटो काढून बघितला. फोटोत मॅटाडोरची एकच बाजू आहे, डावी. शेड उजवीकडं.

उजवी बाजू पुन्हा केली. शेड डावीकडं सरकवली आणि व्हॅन गल्लीतून पळवली. मी शपथेवर सांगतो, फरक पडतो. ताशी साठच्या वेगाला व्हॅन वळण घेते तेव्हा तो शब्द पुढं झुकल्यासारखा वाटतो. मग मी माझ्या जुन्या सगळ्या डिझाइनांच्या आकड्यांच्या शेड उघडून बघितल्या. निम्म्याहून जास्त उजव्या बाजूंना चुकलेल्या होत्या. दुकानातही गेल्या आठवड्यापासून दोन बाजूंना दोन वेगळे तुकडे कापतोय. गिऱ्हाइकानं विचारलं नाही, पण मी कापतो.

त्या सकाळी गप्पांच्या नादात मी त्यांना अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराची गोष्ट सांगितली. बीएमडब्ल्यू कंपनी मोठ्या चित्रकारांकडून गाड्या रंगवून घेते. 1975 मध्ये अलेक्झांडर काल्डरपासून सुरुवात झाली. एर्वे पुलँ नावाचा लिलाव करणारा माणूस होता, तो शर्यतीही लावायचा, त्याची ती कल्पना. आधीच्या चित्रकारांनी छोट्या मॉडेलवर रंग दिले आणि कारागिरांनी ते गाडीवर उतरवले. 1979 मध्ये वॉरहॉलनं मात्र ब्रश घेऊन स्वतः एम 1 गाडी रंगवली, अर्ध्या तासाच्या आत, 28 मिनिटांत. ती गाडी ल मांला पळाली आणि एकूणात सहावी आली. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “28 मिनिटांत पहिला रंग वाळला कसा?” मी फोटो दाखवला. रंग एकमेकांत मिसळलेले, ओल्यावर ओला, बोटांनी ओरखडलेला. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “वाळू द्यायचाच नव्हता त्याला. चांगलंय.”

मग त्यांनी रिमोट मागावा तसा कंट्रोलर मागितला. गाडी फिरवायची काडी कुठली ते दाखवलं. त्यांनी व्हॅन हळूहळू वळवून मागची बाजू समोर आणली. मागं मी काहीच केलं नव्हतं. पांढरा पत्रा.

“फाळका मोकळा ठेवलास?”

ट्रकचा फाळका म्हणजे पेंटरची खरी जागा. बाजूचं अक्षर माणूस क्षणभर बघतो, फाळका मागच्या गाडीवाला घाटभर वाचत येतो. तिथं कमळ असायचं, मोर असायचा, मुलांची नावं असायची, आणि अगदी खाली उजव्या कोपऱ्यात बोटाएवढ्या अक्षरात पेंटरची सही. आप्पांची सही म्हणजे त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर आणि त्याखाली ब्रशच्या एकाच फटक्यात ओढलेली शेपटी.

फाळक्यावर आता कमळ चालू आहे. पाकळ्या चंद्रकोरीसारख्याच, दोन गोलांतून. गुलाबी मधून कडेला पुसट करायला प्रत्येक पाकळीत चार लेअर जातात. आप्पा रोज संध्याकाळी येऊन बघतात, आणि एखादी पाकळी जाड झाली की बोटानं टीव्हीवर दाखवतात. काचेवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटलेत, मी अजून पुसलेले नाहीत. सही मात्र परवाच करून ठेवली. अकरा लेअरची झाली. शेपटीचा फटका त्यांनी स्वतः कंट्रोलर धरून तिरका केला, हात थरथरत होता म्हणून तीनदा. तिसऱ्यांदा बसला.

डिझाइन पुरं झालं की गेम त्याला नऊ आकड्यांचा कोड देतो. तो कोड टाकला की जगात कुठंही कुणीही ती व्हॅन आपल्या गॅरेजमध्ये उतरवून घेऊ शकतो. कोड आला की इथंच लिहीन.